कोऱ्या टाकीतले सात

१

अकरा वाजले की मी मासे मोजतो. हसू नका, खरंच काम आहे ते.

जन्मभर चिखल्याच्या किनाऱ्यावरून होडी घातली. गुडघे गेले तेव्हा तलासरीकडच्या एका लॅबमध्ये लागलो. रोज सकाळी जीवनची गाडी नाक्यावर येते नि मला घेऊन जाते. लॅबमध्ये कंपन्यांची औषधं येतात. शेतावर मारायची, कपडा रंगवायची, कसली कसली. ती उद्या नाल्यात, खाडीत गेली तर कोण मरेल नि किती मरेल, ते आधीच बघून ठेवायचं. एकदम नाय बघत, पायरी पायरीने. पहिली पायरी शेवाळ. बाटलीत हिरवं पाणी असतं, त्यात औषध टाकायचं नि हिरवा रंग टिकतो का बघायचं. मग पाण्यातली पिसू. टाचणीच्या डोक्याएवढी असते, उड्या मारते. तिसरी पायरी मासे, तिथे मी.

काचेच्या सहा टाक्या. एकेकीत सात मासे, पट्टेवाले, बोटाच्या पेराएवढे. एका टाकीत काहीच टाकायचं नाय, ती कोरी. दुसरीत थेंबभर, तिसरीत त्याच्या दुप्पट, चौथीत त्याच्याही दुप्पट, असं सहावीपर्यंत. मला माझं नाव नि आकडे सोडून वाचता येत नाय. म्हणून आमच्या लॅबच्या हंसा मॅडमने टाक्यांना गोल ठिपके लावले, स्टिकरचे. कोरीला पांढरा. मग पिवळा, केशरी, लाल, निळा. सगळ्यात कडक टाकीला काळा.

एक दिवस आधीपासून मासे उपाशी ठेवायचे. दुसऱ्या दिवशी अकराला औषध ओतायचं. त्यानंतर चार दिवस, रोज अकराला, मोजणी. खोलीत खिडकी नाय. पंप चालतो, बुडबुड, बुडबुड. दिवस नि रात्र घड्याळाचं बटण करतं. टक्‌ झालं की उजाडलं, टक्‌ झालं की मावळलं.

मासा मेला हे कसं कळतं? काचेची कांडी असते. शेपटीच्या मुळाशी हळूच लावायची. हलला तर जिवंत. नाय हलला तर जाळीने उचलून बाहेर, कारण मेलेला पाण्यात ठेवला तर पाणी बिघडतं.

मॅडम सांगायची, "काका, सगळे मेले तर उपयोग नाही. सगळे जगले तर पण नाही. अर्धे कुठल्या टाकीत मरतात ते पाहिजे."

भाजीवालीकडे अर्धा किलो भेंडी मागावी तसं बोलायची.

नि कोऱ्या टाकीत जगले त्यांचं काय? मला वाटलं सोडत असतील. मॅडमने एक छोटी बाटली हातात दिली. लवंगाचं तेल. पाचव्या दिवशी जे कोणी जगले असतील त्यांच्या पाण्यात ते टाकायचं. मासे आधी जरा खेळल्यासारखे करतात, मग कलतात. दहा मिनिटांनी कांडी लावायची. मग लांबी, वजन, नि पिवळी पिशवी. एकदा टेस्टला घेतलेला मासा परत पाण्यात जात नाय.

"त्यांना त्रास नाही होत, काका," मॅडम बोलली. "झोप येते फक्त."

घरी गेलो की माझ्या हातांना लवंगांचा वास यायचा. जमना, माझी बायको, दारातच बोलायची, "आलात पान खाऊन? नि मला?"

२

माझी खोड आधीच सांगून ठेवतो. कोणाला तरी फसवल्याशिवाय मला जेवण जात नाय. लक्ष्या आमच्या ओळीतला, लहानपणापासूनचा माझा दोस्त. त्याच्या पोराच्या लग्नात मी त्याच्या ताडीत जुलाबाची गोळी टाकली. वऱ्हाड मांडवात नि नवऱ्याचा बाप खाडीकाठच्या तिवरांत. अजून मला शिव्या घालतो, नि शिव्या घालताना हसतो.

लॅबमध्ये दोन महिने सरळ राहिलो. मग हात शिवशिवायला लागले. एका टेस्टला औषध ओतून झालं, मॅडम फोन घ्यायला बाहेर गेली, नि मी पांढरा ठिपका काळ्याच्या जागी लावला, काळा पांढऱ्याच्या. दुसऱ्या दिवशी अकराला मॅडम मोजते तर काय, कोऱ्या टाकीतले सातही मेलेले नि कडक औषधातले मजेत पोहतायत! तिचं तोंड बघायला पाहिजे होतं तुम्ही. परत मोजलं. परत परत मोजलं. मग तिथेच लादीवर बसली. मी खोकला येईपर्यंत हसलो, नि मग सांगितलं.

ओरडली नाय ती. टाकीशी वाकून बघत होती मघाशी, तिच्या श्वासाची वाफ काचेवर बसली होती. ती तिने बाहीने पुसली, एका झटक्यात, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"काका, आता सगळी टेस्ट बाद. परत पहिल्यापासून. परत बेचाळीस मासे."

"घ्या की मग! माशांना काय तोटा?"

"हां," ती बोलली. "तोटा नाही."

त्या दिवशी एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. ओतून झाल्यावर ठिपका बदलला तर नुसती वही खोटी होते. ज्याच्या पाण्यात पडायचं त्याच्यात पडलेलंच असतं. ओतायच्या आधी बदलला तर मात्र मासा बदलतो.

जाताना मी तिला विचारलं, "मॅडम, माशाच्या वरची पायरी कोणती?"

"ती आपल्याकडे नाही होत. ती दुसरे करतात."

"दुसरे कोण?"

ती वहीत लिहीत राहिली.

३

आमची ओळ म्हणजे सहा घरं. सुरूच्या झाडांमागे, एका रेषेत. पहिलं लक्ष्याचं, शेवटचं माझं. मागे एक तळं आहे. फेब्रुवारीत ते पालेभाजीच्या पाण्यासारखं हिरवं असतं, दरवर्षी.

एका सकाळी तळ्याला रंगच नव्हता. तळाची शिंपली दिसत होती.

"नाऱ्या, काय टाकलंस?" लक्ष्या काठावरून ओरडला.

"मी नाय."

"तू नाय म्हणजे तूच."

जमना खूश. कपडे धुवायला बेस पाणी बोलली.

तीन दिवस गेले. लक्ष्याच्या म्हशीची दगडी डोणी आहे, तिच्यात डासांच्या अळ्या वळवळत असतात. मी हात धुवायला वाकलो तर सगळ्या तळाशी. सांडलेल्या तिळासारख्या, गप.

आणखी चार दिवसांनी तळ्यातले बारके मासे वर आले. सगळे नाय आले. पाणी एवढं साफ होतं की बसून मोजता येत होते. एकोणीस वर तरंगत होते. एकोणीस खाली पोहत होते.

मी उठलो तेव्हा गुडघे दुखत नव्हते, एवढा घाबरलो होतो. मग स्वतःला समजावलं. अरे नाऱ्या, कोणी तरी वाडीतला फवारा धुतला असेल. लॅब कुठे, चिखलं कुठे. एकोणीस नि एकोणीस, होतं कधी कधी.

घरात गेलो. पंखा बंद होता. कुठे तरी बुडबुड चालली होती. दोन वर्षं त्या खोलीत काढली, कानात पंप बसला असणार.

४

मग दारांवर ठिपके आले.

सकाळी उठून बघतो तर सहाही चौकटींवर, खालच्या बाजूला, एकेक गोल स्टिकर. लक्ष्याच्या दाराला पांढरा. मग पिवळा, केशरी, लाल, निळा. माझ्या दाराला काळा.

मी पोट धरून हसलो. खरंच. वाटलं, हंसा मॅडमने बदला घेतला! बाई एवढी लांब आली, एवढ्या सकाळी, शाबास! किंवा जीवनला पाठवलं असेल. ओळीतल्या कोणाला काय वाटलं नाय. नळवाले लावून गेले असतील, नायतर फवारणीवाले. माझी नात निलम नऊ वर्षांची, ती बोलली, "आजोबा, आपला काळा का? मला पिवळा पाहिजे."

लॅबमध्ये फोन केला.

"मॅडम, मानलं तुम्हाला."

"काय झालं, काका? कशाबद्दल?"

"ठिपके हो!"

"कसले ठिपके? ठिपक्यांचा रोल तर तुमच्याकडेच आहे."

माझ्या खिशात होता. काढून बघितला. त्याच्यातला एकही ठिपका कमी झाला नव्हता.

हसू तोंडावर तसंच राहिलं, काढायचं विसरलो. ओट्यावर बसलो नि उगाच घरातली माणसं मोजली. मी, जमना, पोरगा, सून, निलम. नि कालच आलेली जमनाची बहीण नि तिचा नवरा. सात.

लक्ष्याकडे गेलो. त्याची दोन पोरं बोटीवर असतात, पण मशीन बिघडलं म्हणून परवा परत आलेली.

"लक्ष्या, घरात किती जण रे आता?"

"का, जेवण घालतोस? सात."

मधल्या चारही घरांत विचारलं. कोणाची लेक माहेरी आलेली, कोणाचा भाऊ कामाला वापीला गेलेला. कमी करून नि वाढवून सगळीकडे सातच.

५

दुसऱ्या दिवशी कोणाला भूक लागली नाय.

जमनाने भाकऱ्या भाजल्या, सुक्या बोंबलांची चटणी केली, ताटं मांडली, नि सगळे ताटांकडे बघत बसले. पोट भरलेलं नव्हतं. पोटच नाय असं वाटत होतं. सून बोलली, "गरमी वाढलीय ना." ओळीत सहाही घरांत भाकऱ्या तशाच. कावळे पण येईनात.

उपासाचा दिवस. मला माहीत आहे त्याच्यानंतर काय येतं. उद्या अकरा.

निलमचा हात धरला नि नाक्याकडे निघालो. बोललो, चल, डहाणू रोडला जाऊ, तुला बांगड्या घेतो. ओळ संपते तिथे चिंच आहे. तिच्या पुढे रस्ता, रस्त्यावर जीवनची गाडी उभी दिसत होती. चिंचेपर्यंत आलो. मग बघतो तर समोर माझंच दार. निलम हात धरून उभी.

"आजोबा, बांगड्या?"

आणखी तीनदा निघालो. परत दार. मधे कुठे वळलो ते मला कळतच नव्हतं. अंगाला काही लागत नव्हतं, काही अडवत नव्हतं. मासा काचेपर्यंत जातो नि वळतो ना, त्याचं तोंड कधी बघितलंय? धडकल्यासारखं नसतं. त्याला वाटतं आपल्यालाच वळायचं होतं.

फोन वाजला. जीवन होता.

"काका, चिंचेपर्यंत येता नि परत जाता. चारदा झालं. आज मला उशीर होतोय."

"जीवन, इकडे ये. गाडी आत घे. पोरीला उचल नि घेऊन जा."

"हां, नि आत आलो की टायरमधली हवा काढणार."

"तुझ्या आईची शपथ, खरं बोलतोय!"

"मागच्या वेळी पण आईचीच घेतली होती," तो बोलला नि गेला.

मॅडमला लावला. सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती, मागे पंप बुडबुडत होता. मग हसली. "काका, तुम्ही गोष्टी लिहायला पाहिजेत."

ओळीत सांगत फिरलो. घर सोडा, काही तरी करा. सगळ्यांत मोठ्याने लक्ष्या हसला.

"आता मी नाय फसत, नाऱ्या. पन्नास वर्षांत शिकलो तेवढं."

६

दुपारी सगळे आडवे झाले. मी ओट्यावर बसून विचार केला.

काळा काढून फेकून दिला तर? बिनठिपक्याची टाकी कोणी रिकामी सोडत नाय. दुसरा आणून लावतात. पिवळ्याशी बदलला तर? पिवळ्यात थेंबभर असतंच, नि निलमचा जीव केवढा. सहा घरांत एकच कोरं.

अजून ओतलं नव्हतं. ओतायच्या आधी बदलला तर मासा बदलतो.

नखाने काळा ठिपका सोडवला. सहज निघाला. थंड होता, बर्फावरच्या पापलेटासारखा. तळव्यात लपवून ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेलो, लक्ष्याच्या चौकटीपाशी बसलो, पांढरा काढला नि काळा चिकटवला. अंगठ्याने नीट दाबला, कोपरा उचलायला नको.

"नारूबाबा, काय करताय?"

लक्ष्याची नात, रुपल. निलमच्याच वयाची, दोघी एका बाकावर बसतात. दारात उभी होती, केस सोडलेले.

"गंमत," मी बोललो.

"कोणाची?"

"तुझ्या आजोबाची. सांगू नको हां."

तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. डोळे नुसते हसत होते. तोंड दाबूनच तिने मान हलवली, नाय सांगणार.

तिने खरंच नाय सांगितलं.

७

अकरा वाजता मी ओट्यावरून लक्ष्याच्या दाराकडे बघत होतो. गडगडाट नाय, वारा नाय. त्याच्या दाराच्या आतला उजेड फक्त जरा हलला. पाण्यात साखर विरघळताना रेषा दिसतात, तशा रेषा उजेडात खाली उतरल्या. मग नाय दिसल्या.

आमच्या दारात काही नाय. चौकटीला मी आणून लावलेला पांढरा ठिपका. मी निलमला मांडीवर घेतलं नि तिची वेणी घातली. आयुष्यात पहिल्यांदा घातली, वाकडी झाली.

संध्याकाळ पडली नाय, लागली. टक्‌ झालं नि अंधार. सकाळी टक्‌ झालं नि ऊन.

दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही सगळे चटयांवर होतो. कोणी झोपा बोललं नव्हतं, पण अकरा झाले की पाय आपोआप चटईकडे वळतात. माझ्या टाचेला मागून काही तरी लागलं. थंड, गुळगुळीत, हळू. मी पाय ओढून घेतला. जमनाने ओढला. निलम खिदळली, "आजोबा, गुदगुल्या नको ना!"

माझे दोन्ही हात छातीवर होते.

तेव्हा मी वर बघितलं. आमच्या छपरात उजेडासाठी एक काचेचं कौल आहे. बाहेर भर ऊन, नि काचेवर बाहेरून वाफ बसली होती. बशीएवढी. ती पसरली, आक्रसली, परत पसरली. मग पुसली गेली. एका झटक्यात, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पुसताना क्षणभर काच साफ होती. काय दिसलं ते मी सांगत नाय. मी डोळे मिटले, तेवढं बरं केलं.

बाहेर आलो तर लक्ष्या त्याच्या ओट्यावर खांबाला टेकून बसला होता. ओठ निळे. आत दोन चटया रिकाम्या नि ओल्या. त्याचा एक पोरगा नि सून. त्याची बायको रडायला लागली, दोन हुंदके दिले, नि कशासाठी रडत होती तेच विसरल्यासारखं तोंड करून थांबली.

"नाऱ्या," लक्ष्या बोलला, धाप लागत होती, "काय टाकलंस या वेळी?"

"लक्ष्या..."

"जुलाबाची नाय ही. ही कडक आहे." हसला. "हस की भाड्या. तू हसला नाय तर मला भ्या वाटतं."

मी हसलो. दोस्ताने मागितलं, दिलं.

८

तिसऱ्या दिवशी रुपल अंगणात गोल फिरत होती. एकाच जागी, एका अंगावर कललेली, डावा हात खाली सुटलेला. निलमला वाटलं खेळ आहे. ती पण ओट्यावरून उतरली नि गोल फिरायला लागली. मी तिला दंडाला धरून आत ओढली.

"रुपल बोलवते!"

"बोलवू दे."

रुपलने माझ्याकडे बघितलं. फिरता फिरता प्रत्येक फेरीला बघत होती. तिने दोन्ही हात उचलून तोंडावर ठेवले. अजून गुपित पाळत होती पोरगी.

अकरा वाजले. मग अंगणात कोणी नव्हतं. जमीन ओली.

चौथ्या दिवशी लक्ष्याच्या घरात डोकावलो. दोघंच उरले होते. लक्ष्या नि त्याची बायको, दोघंही पलंगावर स्टूल ठेवून त्याच्यावर चढलेले, एकमेकांना धरून. तोंडं वर, कौलांना टेकलेली. उघडत होती, मिटत होती, उघडत होती. औषधातले मासे असेच वर येतात, पाण्याच्या कडेला हवा चाटायला.

"लक्ष्या," मी हाक मारली.

त्याने खाली बघितलं. मला ओळखलं की नाय, माहीत नाय. तोंड उघडून मिटलं.

मी तेव्हा सांगितलं त्याला. ठिपक्याचं. सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, गंमत पुरी झाली की मी नेहमी सांगतो.

अकराला मी माझ्या चटईवर परत होतो. टाचेला थंड लागलं, पाय ओढला.

निळ्या घरात त्या दिवशी दोन उरले होते. लाल घरात चार गेले, तीन राहिले. तिथे मी जरा थांबलो. सातातले साडेतीन पाहिजेत मॅडमला, अर्ध्याचा हिशोब कसा लावतात कोण जाणे. आमच्या घरात सात. चटईवर सात, सगळे कोरडे. सून देवासमोर हात जोडून बसली. बोलली, आपल्यावर देवाची नजर आहे.

मी निलमची वेणी परत घातली. या वेळी सरळ आली.

९

आज पाचवा दिवस. अकराला शेवटची मोजणी झाली. टाचेला कांडी लागली, सातही जणांनी पाय ओढले. निलमने तर लाथ मारली. काचेवर वाफ आली, पुसली गेली. मी जमनाला बोललो, "सुटलो."

"कशातून?" जमनाने विचारलं.

मी तिला पहिल्यापासून सांगायला बसलो, जसं तुम्हाला सांगतोय तसंच. शेवाळ, पिसू, मासे. ठिपका बदलला तेही सांगितलं. तिने कपाळाला हात लावला नि माझ्यापासून लांब सरकली. मग नाक वर केलं, हवेत दोनदा वास घेतला.

"परत पान खाल्लंत काय?"

"नाय."

"मग लवंग कोणी कुटली?"

मी माझे हात नाकाशी नेले. हातांना वास नव्हता. कौलांतून खाली येत होता, दाट, गोड, घशाला जरा झणझणणारा. दोन वर्षं ती बाटली मीच उघडायचो. नि बघा, तेलाचं मी विसरलोच होतो. चार दिवस सगळं आठवलं, उपास आठवला, ठिपके आठवले, कांडी आठवली. तेच तेवढं विसरलो. आता सांगा, कोणी कोणाला फसवलं?

दार उघडून चिंचेकडे धावलो. दारातच परत आलो. चौकटीवरचा पांढरा ठिपका उचकटला, पायाखाली घासला. ओतून झाल्यावर काय उपयोग त्याचा.

पोरगा नि सून हसतायत. कधी एकमेकांकडे बघून हसले नव्हते, आज पाणी उडवल्यासारखे हात मारतायत एकमेकांना. जमनाची बहीण गाणं म्हणत होती, अर्ध्यावर भिंतीला कलली. तिचा नवरा तिच्या खांद्यावर. जमना माझ्यापासून लांब बसली होती, ती हळूच इकडे सरकली नि माझ्या पाठीला पाठ लावून बसली. जड झालीय आता.

निलमने मघाशी घरभर उड्या मारल्या. भिंतीपासून भिंतीपर्यंत. मग माझ्या मांडीवर आली.

"आजोबा, झोप येते."

"आत्ता? सकाळी अकराला?"

"जाम येते."

"झोपायचं नाय. गोष्ट ऐक. लक्ष्याआजोबाची, ताडीची..."

"ती ऐकली."

माझे पण डोळे जड झालेत. बोलत राहिलो तर बरं, म्हणून तुम्हाला सांगतोय. वर काचेवर वाफ नाय. दहा मिनिटं कोणी बघत नसतं, मी पण नसायचो बघत. बाहेर जाऊन चहा प्यायचो.

तिची टाच माझ्या हातात आहे. बोट लावतो हळूच, टाचेच्या मागच्या बाजूला.

हलली.

परत लावतो.

हलली, जराशी.

परत लावतो.